कोठीघराची तरतूद

राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण तालुक्यातील हलवर्ण येथे छावणीस असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकून मंडळींना शिवाजी महाराजांनी पाठविलेले एक पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना चांगलेच परिचित आहे. लढाई, किल्ले वा मुलूखगिरी यांचा त्यात मागमूस नाही. सारे पत्र दाणावैरणीविषयी आहे. पावसाळ्यासाठी म्हणून जो दाणा, जी वैरण व जे साहित्य तालुक्यात जमा करून ठेवले आहे, ते आज हाताशी आहे म्हणून मन मानेल तसे खर्चू नका. ते मध्येच सरले तर भर पावसात कोठून काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग तुमच्यातील कोणी कुणब्याच्या घरचे दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी भाजीपाला, व रयतेस मोगलापेक्षाही तुमचाच उपद्रव अधिक वाटू लागेल, असा त्याचा आशय आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात उचलून नेईल आणि गवताची गंजी भस्म होईल, इतक्या बारीक तपशिलापर्यंत हा राज्यकर्ता त्या पत्रात उतरलेला आहे.

या पत्रातला विचार जितका लष्करी तितकाच प्रापंचिक आहे. अन्नावरील खर्च आटोक्यात ठेवावा हा उपदेश महागाईच्या प्रत्येक लाटेबरोबर नव्याने केला जातो, आणि बहुधा त्याचा अर्थ ‘कमी खा’ किंवा ‘स्वस्त मिळेल ते खा’ एवढाच घेतला जातो. परंतु ज्या घरांत पैसा खरोखर वाचतो त्या घरांचा कारभार जवळून पाहिला, तर तेथे कोणी अर्धपोटी राहत नाही, उलट पुष्कळदा शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा सरस अन्न खाल्ले जाते, असेच दिसून येते. तेथे उद्याच्या जेवणाचा विचार उद्या भूक लागल्यावर केला जात नाही, तो कितीतरी आधी होऊन गेलेला असतो, एवढाच काय तो फरक. माझ्या मते अन्नाची काटकसर म्हणजे प्राधान्याने तरतूद. आणि ही तरतूद आपल्या घरांतून जसजशी उठत चालली आहे तसतसा खर्च वाढत चालला आहे, मग बाजारातील धान्याचा भाव चढो की उतरो.

या विधानाला आकड्यांचा आधार आहे. कुटुंबाचे उत्पन्न वाढत जाते तसा त्याच्या खर्चातील अन्नाचा हिस्सा घटत जातो, हा नियम एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडला, आणि आपल्या देशातही तो खरा ठरलेला आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ५९ टक्के व शहरी कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४८ टक्के रक्कम अन्नावर जात असे. २०२३-२४ च्या पाहणीत हे प्रमाण अनुक्रमे ४७ व ४० टक्क्यांच्या आसपास आले. परंतु याच पाहणीतील पोटविभागणी अधिक बोलकी आहे. गहू, तांदूळ, ज्वारी इत्यादी तृणधान्यांवर आता ग्रामीण कुटुंब एकूण खर्चाच्या जेमतेम ५ टक्के आणि शहरी कुटुंब ४ टक्क्यांहूनही कमी खर्च करते, तर पेये, अल्पोपाहार व तयार अन्न या एका सदरावर गावात जवळजवळ १० व शहरात ११ टक्के खर्च होतो. म्हणजे ज्या गव्हा-तांदळाच्या भावावरून आपण दुकानदाराशी अर्धा तास घासाघीस करतो, त्याच्या दुप्पट-तिप्पट रक्कम आपण घासाघीस न करता, बहुधा हिशेबातही न धरता, दुसरीकडे देऊन मोकळे होतो. गळती कोठे आहे हे यावरून स्पष्ट व्हावे.

महाराष्ट्रातील जुन्या घरांत ऋतूंचे पंचांग हेच खरेदीचेही पंचांग असे. दिवाळी सरता सरता नवा तांदूळ खळ्यावरून येई, परंतु नव्या तांदळाचा भात गिचका होतो व फुगतही नाही, म्हणून जाणती गृहिणी तो मुरत ठेवून मागील वर्षाचा जुना तांदूळ काढी. थंडी पडली की कोल्हापूर-कऱ्हाडकडील गुऱ्हाळांतून गुळाच्या ढेपा निघत. पुढे तूर येई, मागोमाग सोलापूर-मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी येई, चिंच झाडावरून उतरे, सांगलीच्या पेठेत हळदीचे सौदे होत, लाल मिरचीचे ढीग बाजारात पडत, आणि चैत्र-वैशाखात गव्हाची पोती ओसरीवर येऊन पडत. जो जिन्नस ज्या महिन्यात सर्वांत विपुल, आणि म्हणून बहुधा सर्वांत स्वस्त, तो त्याच महिन्यात घरात येई. त्यामुळे एकाच वेळी सारा बोजा पडत नसे, आणि कोठी भरण्याचे काम वर्षभर हप्त्याहप्त्याने चालू राही. कांद्याचीही गोष्ट अशीच आहे. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. पण एप्रिल-मेमध्ये येणारा उन्हाळी कांदा नीट वाळवून, हवेशीर जागी पसरून ठेवला तर चार-पाच महिने सुखाने राहतो, आणि भाद्रपद-आश्विनात जेव्हा कांद्याच्या भावाची बातमी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते तेव्हा ज्याच्या घरात तो आहे त्याला ती बातमी निश्चिंतपणे वाचता येते. मात्र कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नयेत. दोन्ही लवकर नासतात.

कोकणात या तयारीला आगोटीची तयारी म्हणतात. मृग लागण्यापूर्वी सुके बोंबील, सुकट, खारवलेले बांगडे, आमसुले, कुळीथ, आंबापोळी, फणसपोळी, मीठ आणि लाकूडफाटा घरात आला नाही तर पुढचे चार महिने कठीण, कारण दर्या खवळलेला आणि वाटा बंद. आजही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारीस मनाई असते आणि ताज्या मासळीचे भाव त्या दिवसांत गगनाला भिडतात. सुकी मासळी हाताशी असलेल्या घराला त्याची झळ लागत नाही. घाटावर कुरडया, पापड, सांडगे व सांडगी मिरची, खानदेशात ज्वारीचे बिबडे, विदर्भात मूगवड्या, असा प्रत्येक मुलखाचा आपापला वाळवणाचा रिवाज आहे. आणि त्यामागे निव्वळ हौस नाही. पावसाळ्यात भाजी महाग होते, पुष्कळदा किडकी व चिखलाने माखलेली येते. त्या दिवसांत भाजीच्या जागी ताटात काहीतरी रुचकर व पोटभरीचे पडावे, यासाठी वैशाखाचे फुकट मिळणारे ऊन घरातील बायकांनी असे साठवून ठेवलेले असे.

साठवण ही मात्र एक विद्या आहे, आणि ती नसेल तर बेगमी तोट्यात जाते. धान्याला कीड बाहेरून, डब्याच्या फटीतून लागते अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः सोंडकिडा शेतात, खळ्यात किंवा वखारीतच दाण्याला सूक्ष्म छिद्र पाडून आत अंडे घालून ठेवतो, आणि आपण पोते घरी आणतो तेव्हा पुष्कळदा कीडही विकत आणतो. तिला वाढू न देण्याचा मुख्य उपाय म्हणजे दाण्यातील ओल घालविणे. पाण्याचा अंश १२ टक्क्यांच्या आत असेल तर किडीची व बुरशीची वाढ मंदावते. हे मोजण्याचे यंत्र घरात नसते, परंतु वाळलेला दाणा दाताखाली धरताच कट्‌कन फुटतो आणि ओला दाणा चेपतो, ही जुनी परीक्षा पुरेशी विश्वसनीय आहे. कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळविल्यावर धान्य गरम असतानाच डब्यात भरू नये. आतल्या आत वाफ धरते आणि केलेले सारे श्रम वाया जातात. डबा स्वच्छ, कोरडा व काठोकाठ भरलेला असावा, म्हणजे आत हवा थोडी राहते. आणि जुन्या धान्यावर नवे ओतू नये, कारण तळाशी राहिलेली मूठभर कीड सबंध डबा खाते. कडधान्यातील भुंगा दाण्याच्या पृष्ठभागावर अंडी चिकटवतो, म्हणून तुरीला किंवा मुगाला एरंडेलाचा पुसटसा हात चोळून ठेवण्याची आपल्या आजीबाईंची रीत शास्त्रशुद्ध होती. तेलाच्या पापुद्र्यामुळे ती अंडी जगत नाहीत. कडुलिंबाचा सुकलेला पाला घालण्यासही हरकत नाही. परंतु पाऱ्याच्या गोळ्या धान्यात ठेवणे घातक आहे, आणि गोदामांत वापरतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नयेत. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूने झोपेतल्या झोपेत माणसे दगावलेली आहेत. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना व सरस्वती या नावांच्या तीन भव्य कोठ्या आजही पाहावयास मिळतात, त्या पाहताना त्यांचा आकार आपल्या नजरेत भरतो. माझ्या मनात मात्र त्या कोठ्यांतले धान्य कोरडे राखण्याची जबाबदारी ज्या अज्ञात कोठावळ्यांवर होती त्यांच्याविषयी आदर दाटून येतो.

येथे हिशेब नीट मांडला पाहिजे. समजा, चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी १२० किलो गहू लागतो आणि हंगामात एकरकमी घेतल्याने किलोमागे ६ रुपये वाचतात. वर्षाची बचत ७२० रुपये झाली. त्यातील १५ किलो गहू किडीने नासला, तर किलोला ४० रुपये या दराने ६०० रुपये बुडाले, आणि एवढा खटाटोप करून हाती १२० रुपये राहिले. तेव्हा शहरातील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वर्षाचे धान्य भरण्याचा हट्ट धरण्याचे कारण नाही. नीट राखता येईल असा दोन-तीन महिन्यांचा शिधा तेथे पुरे. मग कोठी कशासाठी, असा प्रश्न येईल. धान्याच्या भावातील फरक हा कोठीचा किरकोळ लाभ आहे. तिचा खरा लाभ हा, की संध्याकाळी आठ वाजता दमूनभागून घरी आलेल्या माणसाला ‘घरात काहीच नाही’ असे म्हणण्याची पाळी येत नाही. ही पाळी आली की हात भ्रमणध्वनीकडे जातो आणि चौघांच्या एका वेळच्या जेवणाला आठवड्याच्या किराण्याइतकी रक्कम मोजली जाते. हलवर्णच्या लष्कराला पत्रातून बजावले होते ते हेच: शिधा सरला की माणूस बाहेर हात पसरतो. ज्या घरात थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुळथाचे पीठ, पोहे, चार पापड आणि लोणच्याची बरणी आहे, त्या घरात पंधरा-वीस मिनिटांत गरम जेवण पानात पडते. कुळथाचे पिठले व भात, किंवा मेतकूट, भात, तूप व भाजलेला पापड हे जेवण कोणाही भुकेल्या माणसाने आनंदाने जेवावे असे आहे. भाजणी हे आपल्या पूर्वजांनी शोधून काढलेले तयार अन्नच होय, आणि ते कोणत्याही कारखान्यातील पाकिटापेक्षा स्वस्त व सकस आहे.

परंतु तरतुदीला भांडवल लागते, आणि ते सर्वांपाशी नसते, हे विसरून केलेला उपदेश क्रूर ठरतो. रोजंदारीवर पोट असलेला माणूस पोते घेऊ शकत नाही. तो संध्याकाळी मजुरी हातात पडल्यावर पावशेर तेल, मूठभर डाळ आणि चहापत्तीची पुडी घेतो, आणि त्या पुडीतील चहाचा किलोचा दर काढला तर तो श्रीमंताच्या डब्यातील चहापेक्षा अधिक भरतो. गरीब माणूस एकाच वस्तूसाठी अधिक दाम मोजतो, हा आपल्या बाजारव्यवस्थेतील मोठा अन्याय आहे. वाण्याच्या उधारीच्या चोपडीने अनेक कुटुंबांना वाईट दिवसांत तारले हे खरे. पण उधारी चालू असलेल्या गिऱ्हाइकाला भाव विचारण्याचे किंवा दुसऱ्या दुकानात जाण्याचे स्वातंत्र्य राहत नाही, हेही तितकेच खरे.

या अडचणीवर एकट्याने उपाय सापडत नाही; तो चौघांनी मिळून करावा लागतो, आणि महाराष्ट्राला त्याची चांगली परंपरा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि लक्षावधी कुटुंबांना मोजक्या शिध्यात आठवडा काढण्याची शिस्त लागली. १९७२ साली दुष्काळाने मराठवाडा-पश्चिम महाराष्ट्र होरपळत असताना, लाल मिलोच्या भाकरी लोक कशाबशा गिळत असताना, मुंबईत मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. स्वयंपाकघराचा हिशेब हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्या मोर्चांनी सरकारदरबारी ऐकविले. पुढे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ बांधून, सर्वांची मागणी एकत्र नोंदवून, माल ठोक भावाने घ्यावा व सभासदांनीच तो आपसांत वाटून घ्यावा, अशी पद्धत रूढ केली. दुकान नाही, नोकरवर्गाचा डोलारा नाही आणि जाहिरातही नाही. एखाद्या चाळीतील वा सोसायटीतील पाच कुटुंबांनी ५० किलोचे एक पोते मिळून आणून वाटून घेतले, किंवा बचत गटातील बायकांनी महिन्याची डाळ-तेल एकत्र खरेदी केली, तरी हेच तत्त्व साधते. पाकिटबंद माल घेताना छापील किमतीबरोबर वजन आणि दर ग्रॅमला पडणारी किंमतही वाचावी. किंमत तीच ठेवून आतील माल कमी करण्याची युक्ती आता सर्रास चालते, आणि ‘मोठे पाकीट स्वस्त’ हा समजही दर वेळी खरा निघत नाही.

आता स्वयंपाकाच्या मापाकडे येऊ. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि घरोघर पोहोचले, याचे एक कारण असे की त्यात घरातल्या वाटी-चमच्याचे माप दिलेले होते. ‘अंदाजाने’ हा शब्द आपल्या स्वयंपाकघरात मोठ्या मानाचा आहे. मुरलेल्या हाताचा अंदाज खरोखरच अचूक असतो, परंतु घाईत, दमलेल्या हाताने घेतलेला अंदाज जवळजवळ नेहमी जास्तीच्या बाजूला झुकतो. घरातील माणसांच्या भुकेचे तांदळाचे माप एकदा ठरवावे, त्यासाठी एक वाटी राखून ठेवावी, आणि जेवायला कोण आहे, कोण नाही, हे विचारल्याशिवाय ती डब्यात घालू नये. भारतीय घरांत दरवर्षी माणशी सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाचा अंदाज आहे. चौघांच्या घरात हे दोन क्विंटलांहून अधिक झाले. उरलेल्या भाताला फोडणी देणे, शिळ्या पोळीचा कुस्करा करणे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. ज्या भागाला आपण अन्नच समजत नाही तो वाचविणे मात्र शिकवावे लागेल, कारण ही विद्या झपाट्याने विसरली जात आहे. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून केलेली चटणी, दुध्याच्या सालीची चटणी, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून केलेली भाजी, फणसाच्या आठळ्या, कलिंगडाच्या पांढऱ्या गराची थालीपिठे, कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्यांचे वाटण, लोणी काढल्यावर उरलेल्या ताकाची कढी, तूप कढविल्यावर तळाशी राहिलेल्या बेरीत साखर घालून मुलांच्या हातावर ठेवलेला घास: यातील एकही पदार्थ दारिद्र्याचा नाही, ज्याने दोडक्याच्या शिरांची चटणी खाल्ली आहे तो दोडक्याच्या भाजीपेक्षा तिचीच आठवण काढतो.

पौष्टिकतेच्या बाबतीतही महाग ते श्रेष्ठ हा भ्रम सोडला पाहिजे. शेंगदाण्यात शेकडा सुमारे २५ भाग आणि कुळीथ, मूग, तूर यांत शेकडा २२ ते २४ भाग प्रथिने असतात; १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या तिप्पट. मुलाला महागड्या डब्यातील भुकटी पाजण्यासाठी कर्ज काढणारे आईबाप मी पाहिले आहेत. त्याच घरात नाचणीचे सत्त्व, शेंगदाण्याचा लाडू आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी यांना कोणी विचारीत नव्हते, याचे दुःख वाटते. भाजी महागेल त्या आठवड्यात मोड आलेल्या मटकीची उसळ करावी, आणि स्वस्त होईल त्या आठवड्यात पालेभाजी भरपूर खावी. कडधान्य रात्रभर भिजवून प्रेशर कुकरात शिजविले तर इंधन कितीतरी वाचते. हे सर्वांस ठाऊक आहे, फक्त झोपण्यापूर्वी आठवत नाही.

काही ठिकाणी मात्र काटकसर करूच नये. ओल लागलेले, बुरशी धरलेले शेंगदाणे किंवा मका निवडून-धुऊन वापरण्याचा मोह प्राणघातक ठरू शकतो. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल व राजस्थानच्या बांसवाडा भागात पावसात भिजून बुरशी आलेला मका खाल्ल्याने शंभराहून अधिक आदिवासी यकृताच्या विकाराने दगावले. बुरशीचे ते विष भाजून, तळून वा शिजवून जात नाही. सुटे, विनामुद्रेचे, संशयास्पद स्वस्त तेल घेऊ नये; १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने अंगावर सूज येण्याची साथ पसरून माणसे मेली. आणि उन्हाळ्यात दिवसभर ओट्यावर राहिलेला भात रात्री फोडणी देऊन खाऊ घालण्यापेक्षा सकाळीच तो थोडा कमी लावलेला बरा. भातातील काही जंतूंचे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. शिजलेला भात तास-दोन तासांत थंड जागी जावा. वैद्याच्या एका देयकात महिन्याची सारी बचत जाते.

आणखी एका ताटाविषयी लिहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. आपल्या घरांत काटकसरीची कात्री सर्वप्रथम जेथे चालते ते ताट गृहिणीचे असते. पुरुष जेवतात, मुले जेवतात, आणि मागाहून जी बसते तिच्या वाट्याला तळाचे वरण, उरलेली भाजी व कालची भाकरी येते. अन्न वाया जाऊ नये म्हणून ती ते खाते, आणि या त्यागाचे आपण कौतुक करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. या रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, पण मागाहून बसण्याची ही रीत त्यांपैकी एक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जी बचत एका माणसाच्या रक्तातून होते तिला बचत म्हणण्याचा अधिकार कोणत्याही घराला नाही. उसळ आणि पालेभाजी सर्वांच्या पानात सारखी वाढली जावी, आणि शिळे खायचे असेल तर ते सर्वांनी वाटून खावे.

या साऱ्याचा पाया म्हणजे जमाखर्चाची वही. तिच्यात फार सदरे नकोत: धान्य-कडधान्य, तेल-तूप, दूध, भाजी-फळे, मांस-मासळी-अंडी, आणि शेवटी बाहेरचे तयार अन्न. रोजच्या रोज, झोपण्यापूर्वी, लिहिण्यास पाच मिनिटे पुरतात, आणि ती एकट्या गृहिणीने लिहू नये. जो बाहेर चहा-वडा खातो त्याने आपला खर्च आपल्या हाताने टिपावा. महिनाअखेर शेवटच्या सदराची बेरीज करून ती पहिल्या सदराच्या बेरजेशेजारी ठेवावी. वाचकांना माझी विनंती एवढीच, की येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून ही वही घालावी, भाजणीचा एक डबा करून ठेवावा, आणि रात्रीच्या जेवणाला घरातील सर्वांनी, बाईसकट, एकाच पंक्तीला बसावे.